माया लोकांचा बळी, इयत्ता सातवी

माझ्या सातवीतल्या लेकीनं चार्टपेपरवर जाड स्केचपेननं इंग्रजीत ‘नाहीसे झालेले माया लोक’ असं शीर्षक लिहिलं, तेव्हा एक माया बाई आमच्याच ओट्यापाशी उभी राहून तांदळाची भाकरी थापत होती. दोहातल्या अल मन्सूरामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही. लेक जमिनीवर पालथी पडून जे लिहीत होती, ते त्या बाईला तिथून सरळ वाचता येत होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हाताचं पीठ झटकलं आणि मला विचारलं, "मी कधी नाहीशी झाले?"

विचारून ती हसली. मला काही हसू आलं नाही.

ती ग्वातेमालाची. आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात काम करतो. मी लॅबमध्ये रक्त तपासते आणि ती फिजिओथेरपिस्ट आहे. ओळख मात्र चर्चच्या आवारात झाली. शुक्रवारी आमची इंग्रजी मिस्सा सुटते आणि तिची स्पॅनिश सुरू व्हायची असते, तेव्हा पार्किंगमध्ये गाठ पडायची. स्पॅनिश ही तिच्या घरात बाहेरचीच भाषा. आईशी ती किचे भाषेत बोलते, ती माया लोकांच्या अनेक भाषांपैकी एक. मी वसईची. आमच्या वाडवडिलांना पोर्तुगिजांनी बाप्तिस्मा दिला, तिच्या वाडवडिलांना स्पॅनिशांनी. एवढं एकमेकींना कळलं आणि मग फार काही समजावून सांगावं लागलं नाही.

हॉस्पिटलात तिला लोक काय काय विचारतात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुमच्या कॅलेंडरप्रमाणे जग बुडणार होतं, त्याचं काय झालं? तुमचे पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले ना? एका डॉक्टरनं तर तिला सांगितलं की माया लोक हजार वर्षांपूर्वीच संपले, त्यामुळे ती माया असू शकत नाही. म्हणजे तिची आई कोण, हे तिला तो शिकवणार. तिनं त्याच्या पेशंटचा खांदा हलवत शांतपणे म्हटलं, "सर, जुनी शहरं सुटली, माणसं राहिली. लाखोंनी आहोत."

मला हा राग ओळखीचा आहे. इथे मराठी लोकांच्या कार्यक्रमाला गेलं की कुणीतरी भेटतंच, माझं आडनाव ऐकून भुवया वर करणारं. "अरे वा, तुम्ही ख्रिश्चन असून किती छान मराठी बोलता!" मी घरात काय लॅटिन बोलत असेन असं त्यांना वाटतं की काय कोण जाणे. पहिल्या वर्षी मी हसून घ्यायचे. आता सरळ विचारते, "आणि तुम्ही कुठे शिकलात?" त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

तर, त्या संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर मैत्रीण लेकीशेजारी जमिनीवर बसली. शाळेत ‘प्राचीन संस्कृती’ असं प्रदर्शन होतं. ओल्मेक, माया, अॅझ्टेक आणि इंका असे चार गट पाडले होते आणि लेकीच्या गटाकडे माया आले होते. मैत्रिणीनं तिला सांगितलं की आपण मक्यापासून घडलोय असं त्यांच्याकडे मानतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात आणि तळहातांवर थापतात, आत्ता तिनं भाकरी थापली तशी. शून्य लिहायला त्यांच्याकडे शिंपल्यासारखी खूण होती. तिथी-वार सांगणारे जाणते लोक अजून गावात आहेत आणि लग्न ठरलं की त्यांना दिवस विचारतात. लेक म्हणाली, "लाइक पंचांग?" आमच्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांचं पंचांग तिनं पाहिलंय. मैत्रिणीला पंचांग माहीत नव्हतं, मी समजावलं, मग ती म्हणाली, हो, तसंच. पुढच्या सुट्टीत होणाऱ्या तिच्या स्वतःच्या लग्नाचा दिवसही असाच विचारून ठरला होता.

लेकीनं शीर्षक खोडलं. दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, ‘माया: आम्ही इथेच आहोत’. ‘आम्ही’ कशाला, तू थोडीच माया आहेस, असं मी म्हटलं, तर मैत्रीण म्हणाली, राहू दे, मला आवडलं. मग तिनं आपणहून सांगितलं, "मी माझं वीपिल देते. प्रदर्शनात ठेवा."

वीपिल म्हणजे तिकडच्या बायकांचा सैलसर अंगरखा. हातमागाचं एक टोक पट्ट्यानं कमरेला, दुसरं झाडाला किंवा खांबाला बांधायचं आणि अंगाच्या ताणावर एकेक पट्टी विणायची, अशा पट्ट्या जोडून तो होतो. गावागणिक नक्षी वेगळी, बघणाऱ्याला गाव कळतं. हे वीपिल तिच्या आईनं तिच्या लग्नासाठी विणलं होतं. विणताविणताच आईचे डोळे गेले. शेवटची पट्टी तिनं बोटांनी दोरे चाचपत पुरी केली आणि मागच्या सुट्टीत वीपिल मैत्रिणीच्या हातात दिलं. यापुढे ती विणू शकणार नव्हती. मैत्रिणीनं ते दोहाला आणलं, कारण तिला ते रोज उघडून बघायचं होतं. लग्नाला जाताना परत न्यायचं होतं.

मी ते घेतलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या वसईत लग्नाची वस्तू मागून आणणं ही रोजची गोष्ट. माझ्या आईचं लाल चौकड्याचं लुगडं आळीतल्या कितीतरी जणी नेसल्या. दिलेलं लुगडं धुऊन, नीट घडी घालून परत यायचं आणि घडीत कुणी सुरंगीची वेणी ठेवायचं, कुणी मूठभर तांदूळ. मागून आणलेलं रिकामं परत द्यायचं नसतं. ज्यानं आणलं त्याच्या जिवापेक्षा ते जपलं जातं, हे आम्हाला सांगावं लागत नाही. मी धरून चालले की हे जगाला माहीत असतं. जगाला घंटा माहीत नसतं.

तरी मी शाळेला फोन केला. को-ऑर्डिनेटर मॅडमना सगळं सांगितलं: कुणी विणलंय, कशासाठी आहे, पुन्हा होणार नाही. त्या म्हणाल्या, "डोन्ट वरी मॅम, ट्रॉफीचं काचेचं कपाट आहे ना, त्यात कुलूप लावून ठेवू." मी ते मैत्रिणीला सांगितलं. तिनं वीपिल पातळ कागदात गुंडाळून लेकीच्या हातात दिलं. लेकीनं ते बसमध्ये मांडीवर धरून नेलं, दप्तरात घातलं नाही.

प्रदर्शन शनिवारी सकाळी होतं. मैत्रिणीला सुट्टी होती, म्हणून तीही आली. केस नीट विंचरून, कानात चांदीचे डूल घालून. सगळ्या शाळांत होतं तसंच होतं. पोरांच्या नावावर आयांनी केलेले थर्माकोलचे पिरॅमिड, त्यावर फवारलेला सोनेरी रंग. ओल्मेकांचं ते दगडी डोकं फुगवलेल्या फुग्यावर कागद चिकटवून केलेलं, त्याचं नाक गळून पडलं होतं. इंकांच्या डोंगरातल्या पायऱ्यांच्या शेतीवर कुणीतरी प्लास्टिकचा उंट उभा केला होता, कारण लामा मिळाला नसावा. इथवर माझी काही तक्रार नाही. पोरं आहेत.

पण लेकीच्या स्टॉलवर तिचा चार्ट नव्हता. त्या जागी छापून आणलेला फ्लेक्स होता: ‘द लॉस्ट मायन्स’, आणि खाली कवटी. लेक स्टॉलमागे तोंड पाडून उभी. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मॅम सेड इट हॅज टू मॅच द थीम." थीम होती ‘हरवलेली जगं’. माया हरवले नाहीत ही माया लोकांची चूक, शाळेच्या थीमची नाही.

मी ट्रॉफीचं कपाट पाहिलं. त्यात ट्रॉफ्याच होत्या.

"वीपिल कुठंय?" मी लेकीला विचारलं. ती रडायच्या बेताला आली होती. गुरुवारी मॅडमनी ते तिच्याकडून घेतलं, ती म्हणाली की हे घालायचं नाहीये, तर तिला ‘डोन्ट आर्ग्यू’ म्हणून वर्गात पाठवलं. मी मॅडमना शोधायला निघाले तेवढ्यात हॉलचे दिवे मंद झाले आणि माइकवरून सांगण्यात आलं की आता प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द आणि मग एक सरप्राइज.

पाहुणे एका कंपनीतले मोठे साहेब. ते म्हणाले की या सगळ्या संस्कृतींना बांधकाम शिकवायला आपलेच लोक समुद्र ओलांडून गेले होते, हे आता सिद्ध झालंय. कुणी सिद्ध केलं, ते सांगितलं नाही. व्हॉट्सअॅपवर आलं असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या लोकांचं काही उरलं नाही म्हणून प्रदर्शन भरवलं, त्यांनी जे बांधलं तेही आपणच उचललं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मैत्रिणीला हिंदी येत नाही. तिनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, स्वागत करतायत.

मग पडदा उघडला. थर्माकोलच्या पायऱ्या. दोन मुलं एकाला ओढत आणतात. वरच्या पायरीवर पुजारी, डोक्यावर मोरपिसं, हातात पुठ्ठ्याचा सुरा. आणि अंगात माझ्या मैत्रिणीचं लग्नाचं वीपिल.

बळी दिले जात होते, नाही कोण म्हणतंय. अॅझ्टेकांकडे दिले जात, मायांकडेही दिले जात, आणि जगात इतरत्र काय काय दिलं जात होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्या चार वेगवेगळ्या लोकांच्या हजारो वर्षांतून यांना नाटक करायला एवढंच सापडलं. पुजारी अॅझ्टेक, पायऱ्या मायांच्या, गळ्यात इंकांचा सोन्याचा सूर्य आणि अंगात नवरीचा अंगरखा. आपल्याकडे पेशवाईच्या नाटकात बाजीरावाला पैठणी नेसवून उभं केलं असतं तर याच हॉलमध्ये खुर्च्या फेकल्या असत्या.

सुरा चालला. बळीच्या शर्टाखाली लाल रंगाची पिशवी होती. पुजाऱ्यानं ती ओढली, ती फुटली, आणि रंग त्याच्या छातीवर, खांद्यावर, बाहीवर उडाला. लाल स्पंजचं काळीज त्यानं वर धरलं. पालक मोबाइल उंच करून शूट करत होते. मोठ्या टाळ्या पडल्या.

मैत्रीण उठली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, जिथे रंग पडला होता तिथे. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी स्टेजमागे गेले. मॅडम पोरांना शाबासकी देत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही कपाटात ठेवणार होतात." त्या म्हणाल्या, "मॅम, नुसतं ठेवलं असतं तर कोणी बघितलं पण नसतं. आता सगळ्यांनी बघितलं." मी म्हटलं, हे तिच्या लग्नाचं आहे. त्या म्हणाल्या, "वी विल ड्रायक्लीन इट." मी म्हटलं, कुठला रंग आहे? अॅक्रिलिक. पोस्टर कलर लाइटमध्ये फिका दिसतो म्हणून. मग माझा आवाज चढला, आणि चांगला चढला. मी मराठीतच सुरू झाले, मग हिंदी, मग इंग्रजी. मी त्यांना म्हटलं की जिवंत माणूस बाहेर खुर्चीत बसलंय आणि तुम्ही त्याच्या कपड्यात त्याला मारून दाखवताय. मॅडम मला म्हणाल्या, "प्लीज, मुलांसमोर नको." मुलांसमोर काळीज उपटलेलं चालतं, फक्त त्याबद्दल बोललेलं चालत नाही.

एवढ्यात मैत्रीण आत आली. तिनं त्या पुजारी झालेल्या मुलाच्या अंगातून वीपिल हलक्या हातानं काढलं, रंगाची बाजू आत घेऊन घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. त्या मुलाला ती "गुड अॅक्टिंग" म्हणाली. निघताना मॅडमनी तिच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं: वेशभूषेच्या सहकार्याबद्दल आभार. खाली नावाची जागा कोरी होती.

वीपिल मी तिच्याकडून मागून घेतलं. म्हटलं, माझ्या शब्दावर गेलं होतं, मीच काढीन. मी लॅबमधली बाई. खरं रक्त मी रोज हाताळते. ते इतकं लालभडक नसतं, वाळलं की तपकिरी होतं, आणि थंड पाण्यात पटकन टाकलं तर निघतंही. रक्त असतं तर मी काढलं असतं. रंगानं मात्र दोऱ्यांत घर केलं होतं. जोरात चोळलं तर नक्षीचे जांभळे दोरे विसविशीत व्हायला लागले. अल मुंतझामधल्या आमच्या नेहमीच्या लॉन्ड्रीवाल्यानं ते दिव्याखाली धरलं, मान हलवली आणि म्हणाला, "खलास, मॅडम. ये नहीं निकलेगा." पुढे एकदोघांनी तेच सांगितलं.

शाळेकडून मला एवढंच हवं होतं: ज्या मुलांपुढे नाटक केलं त्याच मुलांपुढे, तिला बोलावून, तिची माफी मागा. मी मेल केला, फोन केले, जाऊन बसले. मुख्याध्यापकांनी चहा पाजला. चार दिवसांनी मॅडमनी मला एक लिंक पाठवली. ऑनलाइन मिळतं म्हणे, ‘सेम डिझाइन’, आणि शाळा खर्च करायला तयार आहे. खाली हसरा चेहरा. मी ती लिंक उघडली. कुठल्यातरी कारखान्यात छापलेलं कापड होतं, त्यावर पोपट.

पुढे शाळेकडून मैत्रिणीच्या नावे खजुरांचा डबा आला. माफी नाही, खजूर. नवरा मला म्हणाला, "आता पुरे कर. पोरीला अजून तिथं पाच वर्षं काढायचीत." त्याचंही खोटं नव्हतं. लेकीला वर्गात ‘ड्रामा क्वीन’ म्हणायला लागले होते. मी त्याच्यावरही ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी परत शाळेत गेले. काही उपयोग झाला नाही. मला सांगण्यात आलं की हा विषय शाळेच्या बाजूनं संपला आहे.

मैत्रीण सुट्टीवर जायच्या आदल्या संध्याकाळी मी वीपिल परत द्यायला गेले. रिकामं कसं देऊ? घडीत काय ठेवू, हे दिवसभर सुचेना. फूल ठेवणं मला थट्टा वाटली असती. शेवटी मी माझ्या आईचं लुगडं काढलं आणि ते सोबत दिलं. तिनं ते हातात घेतलं, चौकड्यांवरून बोट फिरवलं, उलटी बाजू पाहिली, आणि मला परत दिलं. "हे तुझ्या लेकीचं आहे," ती म्हणाली. मग वीपिलचा डाग उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली. मी म्हटलं, आईला दिसायचं नाही. ते मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हटलं असणार.

"दिसायचं नाही," ती म्हणाली. "पण ती हातानं बघते." तिनं माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. सगळं कापड मऊ आणि तेवढाच भाग वाळलेल्या खपलीसारखा कडक होता.

लग्न झालं. दुसरं नव्हतंच, त्यामुळे तिनं तेच घातलं. तिनं फोटो पाठवले आणि चारएक दिवसांनी फोन केला. मी तो स्पीकरवर टाकला, लेक शेजारी बसली होती. जेवण कसं होतं, पाऊस कसा होता, किती माणसं आली, सगळं सांगून झालं. मग मीच वीपिलचं विचारलं.

ती म्हणाली की लग्नाच्या सकाळी आईनं वीपिल तिच्या अंगावर स्वतः नीट केलं. गळ्यापासून सुरू करून सगळं चाचपलं. डाव्या खांद्याशी तिचा हात थांबला. हे काय, विचारलं. "मी सांगितलं, जेवताना सांडलं." आई तिला खूप बोलली. परदेशात जाऊन तुला आईच्या हातच्या कामाची किंमत राहिली नाही, असं सगळ्या बायकांदेखत बोलली. लग्न लागेपर्यंत बोलत होती. हे सांगताना मैत्रिणीचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "व्हाय डिडन्ट शी टेल हर द ट्रूथ? इट वॉजन्ट हर फॉल्ट."

मी तिला म्हटलं, खरं काय सांगायचं होतं तिनं? की तू डोळे घालवून विणलेलं एका पोराला चढवलं, त्यात आपल्याला मारून दाखवलं, आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते? आंधळ्या आईला लग्नाच्या दिवशी हे सांगायचं?

त्या नाटकाला शाळेनं पहिलं बक्षीस दिलंय.